मुहूर्ताची खेप

पावसाळा लागला की आमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या चिरेखाणी बंद होतात आणि ट्रकवाले दसऱ्यापर्यंत घरी बसून बायकांचं डोकं खातात. माझा नवरा हर्षद डोकं खात नसे. तो इंजिन उघडायचा. घराला लागून पत्र्याची शेड आहे, तिच्यात आमचा जुना छोटा ट्रक उभा करायचा, बॉनेट वर करायचा आणि मला हाक मारायचा. मी बॅटरी धरायचे आणि पाने द्यायचे. सुरुवातीला बाराचा मागितला की चौदाचा द्यायचे आणि बोलणी खायचे. पुढे पुढे तो मागायच्या आधी पाना त्याच्या हातात पडायला लागला, आणि त्याची कंबर धरायला लागल्यावर ट्रकखाली मीच जायला लागले. गॅरेजला गाडी नेणं त्याला कमीपणाचं वाटायचं. आपली गाडी आपण उघडावी, असं पालीच्या नाक्यावर सगळ्यांना सांगत फिरायचा. बायको मदत करते हे मात्र कधी सांगायचा नाही.

तरी माणूस वाईट नव्हता. खाणीच्या सड्यावर, मोकळ्या कातळपठारावर, त्याने मला ट्रक चालवायला शिकवलं आणि लायसन्सही काढून दिलं. कुणी हसलं की म्हणायचा, मी आजारी पडलो तर कोण चालवील? दिवाळीच्या आधी तो खरंच आजारी पडला. ताप अंगावर काढलान, आणि रत्नागिरीला नेईपर्यंत उशीर झाला.

ट्रकनेही त्याच सुमारास अंग टाकलं होतं. पाणी पीत होता, धूर सोडत होता, आणि ऑइल मोजायची काठी बाहेर काढली की ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत होतं. दिवसांना माझा दीर प्रथमेश मुंबईहून आला. त्याने टायरवर एक लाथ मारून बघितली आणि ट्रक भंगारात द्यावा असं ठरवून टाकलं. मला म्हणाला, वहिनी, तुम्ही इथे राहून काय करणार, काही दिवस राजापूरला भावाकडे जाऊन या. मूलबाळ नसलेल्या विधवेचे भावाकडचे 'काही दिवस' म्हणजे काय, ते मी माझ्या आत्याच्या बाबतीत बघितलं होतं. भावजयीची भांडी घासता घासता ती म्हातारी झाली आणि तिथेच गेली. माझ्याकडे ना शेत, ना नोकरी. हा ट्रक आणि ते लायसन्स एवढंच होतं. ट्रक चालू झाला तर चिरे वाहीन आणि माझ्या घरात माझं खाईन, नाहीतर राजापूर.

माझ्या सासूबाई, हौसाबाई, तेव्हा माझ्या बाजूच्या होत्या. त्यांनाही तरुणपणीच वैधव्य आलं होतं. खाणीवर डोक्यावरून चिरे वाहून त्यांनी दोन मुलगे वाढवले होते. बाईने कष्टाचं काम केलं म्हणून त्यांच्या भुवया कधी वर गेल्या नाहीत. पाऊस सुरू झाल्यावर मी म्हटलं, आई, मी इंजिन उघडते. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उघड की. विचारतेस काय?"

मी उघडलं. इंजिनाचं हेड एकटीला उचलेना तेव्हा शेडच्या वाशाला दोर टाकून दोघींनी मिळून ते वर घेतलं. सुटलेला प्रत्येक बोल्ट सासूबाई घमेल्यात डिझेलने धुवायच्या, लुगड्याच्या चिंधीने पुसायच्या आणि करवंटीत ठेवायच्या. कुठल्या बाजूचे बोल्ट कुठल्या करवंटीत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं लक्षात राहायचं. हेडची पाठ सपाट करून आणायला मी टेम्पोने रत्नागिरीला गेले. तिथल्या माणसाने विचारलं, मिस्त्री कोण आहे? मी म्हटलं, घरी आहे. उगाच कशाला वाद घाला. पिस्टन, लायनर, रिंगा, गॅस्केट सगळं नवं घातलं. त्यात माझ्या सोन्याच्या बांगड्या गेल्या. तशाही आता त्या घालायच्या नव्हत्याच, असं सासूबाई म्हणाल्या. मला ते टोचलं, पण त्यांच्या स्वतःच्या हातातही कितीतरी वर्षं काही नव्हतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

बाहेर धो धो कोसळत असायचं आणि आम्ही दोघी कोपरापर्यंत काळ्या. भाकरीला डिझेलचा वास येतो म्हणून त्या कुरकुरायच्या आणि तीच भाकरी दोघी हसत खायचो. हेडचे बोल्ट मधून कडेला, थोडे थोडे करत, पुन्हा पुन्हा फिरून आवळायचे असतात. मी आवळत जायचे आणि कुठला राहिला ते त्या बोट दाखवून सांगायच्या. हर्षद गेल्यानंतर मला पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या शेडमध्ये. माझी आई मी लहान असताना गेली. आई असती तर अशीच असती, असं मला तेव्हा वाटत होतं. हे आता लिहिताना माझाच मला राग येतो.

पाऊस सरता सरता काम झालं. पाणी भरलं, ऑइल भरलं, डिझेलच्या नळीतली हवा काढली. फक्त चावी फिरवायची राहिली होती, आणि तिथे सासूबाई आडव्या आल्या. गाडी दसऱ्याला चालू करायची म्हणाल्या. नारळ फोडून, पूजा करून. प्रथमेशला फोन झालेला होता.

आमच्याकडे दसऱ्याची पहिली खेप कधी अर्धी नेत नाहीत. ट्रक गच्च भरून न्यायचा. पहिली खेप अर्धी गेली तर वर्ष अर्धं जातं, असं सगळे मानतात. हर्षदही मानायचा. पण ज्या वर्षी इंजिन उघडलेलं असेल त्या वर्षी तो दसऱ्याच्या बराच आधी ट्रक गुपचूप सुरू करायचा आणि सड्यावर रिकामा फिरवत बसायचा. नव्या पिस्टनला रुळायला वेळ लागतो. तोवर ओझं नाही, चढ नाही. मग दसऱ्याला नारळ फोडून, जणू आजच चालू करतोय असं दाखवून भरायचा. मी सासूबाईंना हे समजावून सांगितलं. त्यांनाही ते माहीत होतं, दरवर्षी त्यांच्या डोळ्यांदेखत चालायचं. त्या म्हणाल्या, तो घरचा पुरुष होता, त्याने केलेलं चालायचं. मी म्हटलं, निदान दाराशी तरी चालू करून बघू दे. तेही नाही. किल्ली त्यांनी देवघरात नेऊन ठेवली.

दसऱ्याला प्रथमेश मित्रांना घेऊन आला. ट्रकला झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. मी पहाटेच न्हाऊन, ट्रक धुऊन तयार होते. वाटलं होतं, नारळ तो फोडील, पण सीटवर मला बसवतील. सासूबाई देवघरातून किल्ली घेऊन आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "तू जरा मागल्या दारी थांब गो बाय. शुभ काम हाय. लोकं बघतायत."

मी मागल्या दारी थांबले. भांडता आलं असतं, पण सणाच्या दिवशी चार लोकांत तमाशा नको म्हणून गेले. नारळ फुटल्याचा आवाज आला. मग स्टार्टर फिरला, आणि दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन चालू झालं. मी भिंतीला कान लावून ऐकत होते. कुठे खडखड नाही, कुठे चुकार ठोका नाही, सगळं एकसारखं. मला रडूच आलं. ते इंजिन मी उभं केलं होतं, आणि ते ऐकायला मला चुलीपाशी उभं राहावं लागत होतं.

मग राहवलं नाही, बाहेर गेले आणि प्रथमेशला म्हटलं, "भावोजी, पिस्टन नवे आहेत. आज रिकामी फिरवा. भरायचीच तर अर्धी भरा, पण चढाला घालू नका. दाबलीत तर जाम होईल."

"हो हो वहिनी," तो म्हणाला. "मला काय कळत नाय काय?"

मित्र हसले. त्यातल्या एकाचा साखरप्याला बंगला बांधायचा चालला होता, चिरे तिकडेच जायचे होते. मुहूर्ताची खेप अर्धी कशी न्यायची, असं तो म्हणाला, आणि सासूबाईंनीही मान हलवली. खाणीवर ट्रक गच्च भरला, वर हे चौघे बसले, आणि गाणी लावून मंडळी निघाली. दाभोळ्याच्या घाटात इंजिन तापलं. धूर दिसला तरी प्रथमेशने थांबवला नाही. वर पोचू म्हणाला. अर्ध्या चढावर ते जागच्या जागी जाम झालं.

संध्याकाळी दुसऱ्या ट्रकने आमचा ट्रक ओढत आणून शेडपाशी सोडला. माळा तशाच होत्या. जळक्या ऑइलचा वास पार वाडीभर पसरला. शेजारीपाजारी जमले. प्रथमेश कुणाच्या डोळ्याला डोळा न देता म्हणाला, काम नीट झालेलं नव्हतं. त्याला उत्तर माझ्याकडे तयार होतं. किती चिरे भरलेस आणि किती वेळ धूर बघत बसलास, एवढंच विचारायचं होतं.

पण सासूबाई माझ्या आधी बोलल्या. "कामाला नाव ठेवू नको, काम चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "पण हिचा हात लागला. मीच आधी नको म्हणायला पायजे होतं."

दोन-तीन बायकांनी माना डोलावल्या. माझा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. प्रथमेशचा चेहरा मात्र एकदम सैल झाला. त्याची सुटका झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो गेला. दुपारी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. आवाज नेहमीचाच, मायेचा.

"परत उघडशील काय गो?" त्या म्हणाल्या. "मी हाय मदतीला. या वेळी तू केलंस हे कुणाला सांगायचं नाय. पालीच्या मिस्त्रीने केलं म्हणू. चालू झाली की प्रथमेशला बोलवू."

मी म्हटलं, "आई, बोल्ट न् बोल्ट तुम्ही धुतलात. तुम्हीही विधवाच आहात. मग हात माझाच कसा लागला? तुमचा का नाही लागला?"

त्यांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. लहान पोराला समजवावं तसं त्या म्हणाल्या, "माझं वेगळं हाय बाय. मला मुलगा हाय."

प्रथमेशचं मला काही वाटलं नव्हतं, तो मूर्ख आहे. वाडीतल्या बायकांचंही नाही. पण चार महिने जिच्याबरोबर एका ताटात जेवले, तिच्या मनात हा हिशोब पहिल्या दिवसापासून होता. माझ्याबरोबर हसत होती तेव्हाही होता.

आता मी काजूच्या कारखान्यात जाते. सोलून सोलून बोटं काळी होतात आणि त्यांची सालं निघतात. राजापूरला गेले नाही, एवढं एक झालं. ट्रक शेडमध्ये उभा आहे, त्याचे टायर बसलेत. मधून मधून प्रथमेशचा फोन येतो, वहिनी, आई म्हणत होती तुम्ही बघाल म्हणून. मी सांगते, तुम्ही या आणि हात लावा, तुमचा हात शुभ आहे. सासूबाई समोरच बसलेल्या असतात. त्या ऐकतात आणि मला विचारतात, आज भाकरी करू की भात.