बाराचा झेंडा

लाउस्टच्या बागेत एक पांढरी काठी आहे, घरापेक्षा उंच. गावात निम्म्या घरांपुढे तशी असते. वाढदिवस असला, लग्न असलं, कुणी लांबून आलं की झेंडा चढतो. कुणी गेलं की अर्ध्यावर येतो. माझी बहीण एल्सेबेथ गेली तेव्हा तो अर्ध्यावर आला. संध्याकाळी लाउस्टने तो उतरवला, घडी घातली आणि कपाटात टाकला. पुढे कित्येक वर्षं ती काठी वाऱ्यात दोरी आपटत नुसती उभी होती.

लाउस्ट म्हणजे एल्सेबेथचा नवरा, माझा मेहुणा. लिमफियोर्डाच्या खाडीत शिंपले काढायची बोट चालवतो आणि शब्दाला पैसे पडत असल्यासारखा बोलतो.

मग एका जूनमध्ये झेंडा पुन्हा चढला. त्याची एकुलती एक मुलगी मारेन तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. जीवशास्त्राच्या तोंडी परीक्षेत तिने चिठ्ठी उचलली तर विषय निघाला समुद्रगवत, आणि तिला बारा मिळाले. बारा म्हणजे आमच्याकडे सगळ्यात वरचे. त्याखाली दहा, सात, चार, आणि दोन मिळाले तरी माणूस पास. बेकरीवाल्या डोर्थेने रस्ता ओलांडून विचारलं, “आज कुणाचा वाढदिवस?” मारेन म्हणाली, “कुणाचा नाही, मला बारा मिळाले.” संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पुढच्या परीक्षेला पुन्हा बारा, पुन्हा झेंडा, आणि मग ते ठरूनच गेलं. लोक तर त्याला बाराचा झेंडा म्हणायला लागले. एकदा जर्मनमध्ये दहा आले. झेंडा नव्हता. डोर्थेने पाव बांधता बांधता म्हटलं, “काय गं, आज काठी रिकामी?” डोर्थेचं बोलणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, ती दुसऱ्या मिनिटाला विसरलीही असेल. मारेन विसरली नाही.

विद्यापीठात ती ऑरहूसला आली आणि माझ्या माळ्यावरच्या खोलीत राहायला लागली. मी टोवे, तिची मावशी. आयुष्यभर या शहरात बस चालवली, आता पेन्शन खाते आणि लोकांना नको ते सल्ले देते.

पोरीला वेड एकच, ते समुद्रगवत. आमच्या आजीच्या गाद्या त्याच गवताने भरलेल्या असायच्या. आम्ही त्यावर झोपलो, यापलीकडे त्याचा विचार कुणी केला नाही. मारेन मात्र जेवताना काटा हवेत धरून सांगायची की ते पाण्याखाली कसं फुलतं, थंडीत कसं तगतं, आणि थेट ग्रीनलंडच्या फियोर्डांतसुद्धा कसं उगवतं. तिचे प्राध्यापक ओलुफ दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन जहाजाने तिकडे जायचे. येणाऱ्या जुलैची सफर त्यांची शेवटची, मग ते निवृत्त होणार होते. त्या जहाजावर पाय ठेवायचा, एवढंच मारेनला हवं होतं. अट एकच होती: पहिल्या सत्राचे सगळे विषय मार्चपर्यंत पास.

सगळे झाले. राहिलं संख्याशास्त्र.

ती आळशी नव्हती, हे आधीच सांगते. सकाळी माझ्या आधी उठायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचे रंगीत पेन ओळीने मांडलेले असायचे. पण आकड्यांशी तिचं सूत जमत नव्हतं, आणि जे जमत नाही ते अर्धवट जमलेलं चारचौघांत दाखवायची तिला सवय नव्हती.

जानेवारीत पेपर झाला. मी पिवळ्या वाटाण्यांचं सूप करून बसले होते.

“कसा गेला?”

“कोरा दिला.”

“काय दिला?”

“कोरा गं, मावशी. वर नाव घातलं नि दिला.”

“काहीच येत नव्हतं?”

“येत होतं की. चारातले अडीच प्रश्न येत होते. सात मिळाले असते, फार तर.”

“मग लिहायला काय हात मोडला होता?”

“तुला कळत नाही. एकदा पास झालं की तो पेपर पुन्हा देता येत नाही. सात ते सात, जन्माला चिकटले. नापास झालं तर फेब्रुवारीत परत बसता येतं. तीन वेळा संधी असते. सगळे करतात असं.”

“सगळे म्हणजे कोण?”

“ज्यांना बारा हवे असतात ते.” तिने सुपात चमचा फिरवला. “आणि बाबाला सांगू नकोस. ताप आला म्हणून बसले नाही, असं सांगितलंय मी.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, त्यातला प्रकार. कोऱ्या कागदाला कुणी चार म्हणत नाही, सात म्हणत नाही. मला राग आला होता. बस चालवताना मी असे लोक पाहिलेत, खिडकीची जागा रिकामी नाही म्हणून बस सोडणारे आणि मग थंडीत थांब्यावर उभे राहून आमच्याच नावाने खडे फोडणारे. पण परीक्षेतलं मला काय कळतं, असं म्हणून मी तिच्या ताटलीत अजून सूप वाढलं.

त्या आठवड्यात तिच्या अभ्यासगटातला येपे केक घेऊन आला. लांबलचक पोरगा, स्वेटरच्या कोपराला भोक.

“मावशी, चार मिळाले! अख्खे चार!” दारातूनच ओरडला.

“चारचा केक?”

“का नाही? सरासरी काढा, मध्यक काढा, काहीही काढा, चारच येतात. यापेक्षा भरवशाचा आकडा नाही.” मग मारेनकडे वळून म्हणाला, “तू कोरा दिलास म्हणे? वेडी आहेस का? मला निम्मं तूच शिकवलंस.”

“म्हणून तर,” मारेन म्हणाली. “तुला चार मिळून चालतात.”

“टोमणा होता का हा?”

“नाही रे. खाऊ दे मला केक.”

ती हसली, पण केक तिने अर्धाच खाल्ला.

फेब्रुवारीत ती दुसऱ्यांदा बसली. या खेपेस तयारी पक्की होती, ती स्वतःच म्हणत होती. परत आली तेव्हा कोट न काढताच खुर्चीवर बसली आणि मला तिच्या तोंडावरूनच कळलं.

“पुन्हा?”

“तीन प्रश्न पूर्ण येत होते. चौथा अडला.”

“म्हणजे किती झाले असते?”

“दहा.”

“दहा!” माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. “अगं, दहा सोडून आलीस? हातचं सोडून पळत्याच्या पाठी! आणि जहाज? मार्च आला ना तोंडावर!”

“कार्यालयात विनंती करीन.”

“त्यांना काय सांगशील? दहा मिळत होते म्हणून नापास झाले? आणि कुणासाठी हे सगळं? ग्रीनलंडला डोर्थेला जायचंय की तुला?”

तेव्हा ती बोलली. आवाज चढवला नाही, टेबलाकडे बघत बोलली.

“बाबा त्या दोरीला हात लावतो ना, तेव्हाच तो सरळ उभा राहतो. बाकी वेळ कसा असतो तुला माहीत नाही, मावशी. आई गेल्यापासून तू तिथे राहिली नाहीस. मी राहिले.”

मी डाव धुतला.

विनंतीचा उपयोग झाला नाही. कार्यालयाचं म्हणणं सरळ होतं, पास नाही म्हणजे नाही. येपे मात्र निवडला गेला.

जुलैत जहाज ऑरहूसच्याच बंदरातून निघालं. येपेला निरोप द्यायला मारेन निघाली, आणि एकटी जाऊ नये म्हणून मीही गेले. धक्क्यावर आईबाप, सायकली, कॉफीचे थर्मास, रडणारी एक मैत्रीण. ओलुफ जुन्या लोकरी टोपीत पेट्या चढवून घेत होते. त्यांनी मारेनला पाहिलं आणि हातातली पेटी खाली ठेवली.

“मारेन! तू कुठे होतीस? गवताचं काम मी तुझ्यासाठी ठेवलं होतं. यादीत नाव नाही म्हटल्यावर मला वाटलं, तुझं मन उडालं.”

“संख्याशास्त्र राहिलं.”

“तुझं? तू तर येपेला शिकवत होतीस.”

“मी कोरा दिला. पहिल्यांदा सात मिळाले असते.”

ओलुफना खरंच कळलं नव्हतं.

“मग? सातला काय झालं होतं?”

तेवढ्यात वरून कुणीतरी हाक मारली, ओलुफनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पेटी उचलली आणि गेले. गवताचे नमुने घ्यायची जाळीदार चौकट येपेच्या पाठीला बांधलेली होती. तो कठड्यावरून हात हलवत होता, आणि मारेनही हलवत होती. जहाज धक्क्याच्या टोकाला वळलं तरी तिचा हात वरच होता. मला त्या पोरीचा फार कळवळा आला.

तिसरी खेप पुढच्या जानेवारीत आली. ही शेवटची, यात राहिलं तर विद्यापीठच सोडावं लागतं. बसणारे इतके थोडे होते की परीक्षा तोंडी ठेवली. तोंडीला कोरा कागद देता येत नाही.

लाउस्ट पहाटेच बोटीवरून उतरून आला होता. तापामुळे राहिलेली परीक्षा, एवढंच त्याला ठाऊक. आम्ही दोघं परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. त्याच्या कोटाच्या खिशातून कागदी झेंड्याची छोटी काडी डोकावत होती. मारेन आत गेली, बाहेर आली, परीक्षकांचा विचारविनिमय होईस्तोवर भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिला पुन्हा बोलावलं.

“बारा,” ती बाहेर येऊन म्हणाली.

लाउस्टने खिशातला झेंडा काढून तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, आणि बसथांब्याचा रस्ता दाखवणाऱ्याचे मानावेत तसे त्याचे आभार मानले. मला वाटलं होतं निदान रडेल, नाहीतर हसेल.

त्याच दिवशी लाउस्टच्या गाडीतून आम्ही गावी गेलो. जानेवारीचा दिवस तो केवढा. पोचलो तर फियोर्डावर लालसर रेघ तेवढी उरली होती. लाउस्ट बूट न काढता आत गेला, कपाटातून झेंडा घेऊन आला आणि काठीपाशी थांबला.

“सूर्य गेला,” तो म्हणाला. “आता चढवता येत नाही. उद्या सकाळी चढवू.”

“नको, बाबा.”

“बारा आहेत ना?”

“नको.”

आणि मग त्या थंडीत, काठीपाशी उभं राहूनच, तिने त्याला सगळं सांगितलं. ताप खोटा होता. सात सोडले, दहा सोडले. जहाज कसं गेलं. लाउस्ट झेंडा काखेत धरून ऐकत होता.

“पण कशासाठी गं?”

“तुला रिकामी काठी बघायला लागू नये म्हणून.”

मग लाउस्ट बोलला, आणि त्या दिवशी बोलला तेवढं सलग बोलताना मी त्याला आयुष्यात ऐकलं नव्हतं.

“पहिला झेंडा बारासाठी नव्हता. तू सायकल गवतात टाकून आलीस आणि मला त्या समुद्रगवताचं सांगत सुटलीस. पाण्याखाली फुलतं, त्याचे पराग धाग्यांसारखे वाहत जातात. हात असे फिरवत होतीस. मी इथे बसून जाळी सांधत होतो. तुझी आई असंच बोलायची. ती गेल्यापासून या घरात कुणी एवढं बोललंच नव्हतं. म्हणून उठलो नि झेंडा काढला. आकडा मला तू डोर्थेला सांगितलास तेव्हा कळला.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

लाउस्टने खांदे उचलले. “मला वाटलं, तुला बारा आवडतात.”

मी दुसरीकडे पाहिलं. एल्सेबेथ असती तर दोघांच्याही एकेक थोबाडीत दिली असती आणि मग दोघांना जवळ घेतलं असतं. माझ्याने दोन्ही झालं नाही.

“बरं,” लाउस्ट म्हणाला. त्याने झेंडा बाकावर ठेवला आणि स्वतः शेजारी बसला, तिलाही जागा करून दिली. “आता सांग. तिकडे बर्फाच्या देशात ते गवत कसं तगतं म्हणालीस? मी ऐकतोय.”

मारेन बसली. तिने हात कोटाच्या खिशातून बाहेर काढले, सांगायला सुरुवात करणार असं वाटलं, आणि ते तसेच मांडीवर राहिले.

“ते येपेला विचार, बाबा,” ती म्हणाली. “तो बघून आलाय.”

मग ती उठली, आत गेली आणि रात्रीच्या जेवणाचे बटाटे सोलायला बसली.