सुई-कात्रीचं प्रकरण

मी नऊ बोलतोय. तुमच्या वहीतला गोलमटोल नऊ नव्हे. जुन्या धर्मग्रंथात प्रकरणाच्या डोक्यावर पहारेकऱ्यासारखा ताठ उभा असतो, तो रोमन नऊ. IX. एक उभी रेघ आणि तिच्या उजवीकडे एक फुली, एवढाच माझा देह. नुसती फुली म्हणजे दहा. रेघ आधी आली की दहातला एक कमी होतो आणि मी होतो. रेघ मागून आली की एक वाढतो आणि माझा भाऊ अकरा होतो, XI. लोकांचा आम्हा दोघांत हमखास गोंधळ होतो.

माझा जन्म छापखान्यातला. खिळे जुळवणाऱ्याने शिशाचे दोन खिळे शेजारी शेजारी बसवले, शाईचा रूळ फिरला आणि मी कागदावर उमटलो. आमच्या ग्रंथात पानांवर आकडे नव्हतेच. वाट दाखवायची ती आम्ही. पण वाचणारे आमच्यावरून नजर सरकवून सरळ मजकुरावर उडी मारतात. याचा मला भयंकर राग येतो. दार न बघता घरात घुसण्याची ही कसली रीत?

मला नीट निरखून पाहिलं ते फक्त एका शिंपिणीने. आणि तिला अक्षरओळख नव्हती.

तिचा नवरा रोज संध्याकाळी ग्रंथ मांडीवर घ्यायचा. क्रमाने वाचायची सवय त्याला नव्हती. जे पान उघडेल ते वाचायचं. ती शेजारी बसून काज करता करता ऐकायची आणि मधूनच पानात डोकवायची. तिला माझ्यातली रेघ सुईसारखी दिसली आणि फुली उघड्या कात्रीसारखी. "आज ते सुई-कात्रीचं निघालं वाटतं," ती म्हणायची. इतक्या वर्षांत मला मिळालेलं हे एकच लाडाचं नाव.

नवरा गेला. ग्रंथ फळीवर पडून राहिला. कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगी त्याला हात लावायची नाही. "जुनाट खोकं आहे ते, आई," म्हणायची. शेवटी दमट हवेने शिवण सुटली आणि मागची तीन प्रकरणं, नऊ, दहा आणि अकरा, जमिनीवर विखुरली.

शिंपीणबाईंनी ती गोळा केली, दोऱ्याला मेण लावलं आणि स्वतःच ग्रंथ शिवायला बसल्या. क्रम लावला तो त्यांच्या धंद्याच्या रीतीने. आधी कापड कापायचं, म्हणून नुसती कात्री पहिली. मग कापून शिवायचं, म्हणून कात्री-सुई. आणि शिवून झालं की दोरा कापायचा, म्हणून सुई-कात्री सगळ्यात शेवटी. म्हणजे दहा, अकरा आणि मग मी! मी आतून ओरडत होतो, पण आकड्याचं कोण ऐकतं?

पुढे मुलीला दूरच्या शहरात शाळेत नोकरी लागली. आईने शिलाई मशीनवरून मान वर न करताच सांगितलं, "जायचं नाही."

"का पण?"

"तुझ्या बाबांच्या ग्रंथात शेवटच्या गोष्टीतल्या त्या मुलीचं काय झालं? घर सोडून गेली ती गेलीच. तिथेच गोष्ट संपते."

"पुस्तकातल्या मुलीसाठी माझी नोकरी घालवतेस? बघू तरी!" मुलीने ग्रंथ खसकन ओढला, शेवटचं प्रकरण उघडलं आणि माझ्यासमोर थबकली. "अगं आई, हे नऊ आहे. अकराच्या मागे नऊ कसं येईल? उलटंच शिवलंयस तू!"

"मला शिवण शिकवतेस?" आई फणकारली. "दोरा शेवटी नाही कापत, तर काय आधी?"

मुलीला हसू फुटलं. "ही सुई नाही, माझे आई. हा एक आहे." मग काय वाटलं कुणास ठाऊक, जमिनीवर फतकल मारून ती मोठ्याने वाचायला लागली. आधी मला, मग दहाला, मग अकराला. माझ्यात मुलगी उंबरठा ओलांडते. दहात ती परक्या गावी राबते. अकरात ती दारात येऊन उभी राहते आणि आई विचारते, "कोण पाहिजे तुला, बाई?"

मशीन थांबलं होतं.

"थांब," आई म्हणाली. "म्हणजे आधी जाते, आणि मग परत येते?"

"हो."

"मला वाटायचं, शेजारच्या गावी चार दिवस कामाला जाऊन आली असेल. आणि मग कायमची गेली." सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं टोपण काढून तिने बाजूला ठेवलं. "सख्खी आई लेकीला ओळखत नाही, हे मला कधी पटलंच नव्हतं. किती शिव्या दिल्यात मी त्या बाईला! वर्षं लोटली होती होय मध्ये..."

मुलीने ग्रंथ मिटून आईकडे सरकवला.

आईने ग्रंथ मांडीवर घेतला, पात्याने टाके उसवले आणि तिन्ही प्रकरणं मुलीपुढे ढकलली. "लाव नीट. मी शिवते." दोरा ओवता ओवता खालच्या मानेनेच म्हणाली, "जा तू. पण प्रत्येक सुट्टीला यायचं. मला 'कोण पाहिजे' विचारायची पाळी आणायची नाही. कळलं का, शहाणे?"

"कळलं," मुलगी म्हणाली आणि नाक पुसायला उठली.

आता मी दहाच्या आधी, माझ्या हक्काच्या जागी आहे. माझी शाई फिकी झाली आहे. नव्या आवृत्तीत आम्हाला काढून साधे आकडे घातलेत म्हणे; घालू देत. मुलगी गेली. संध्याकाळी काम आवरलं की शिंपीणबाई एकट्याच ग्रंथ उघडतात. वाचता येत नाही, पण बोट माझ्यावर ठेवतात आणि तिथून एकेक पान सावकाश उलटत निघतात. दहाची पानं बरीच आहेत.

शिवायला कपडे घेऊन आला असाल, तर दारात जरा थांबा. त्यांना आत्ताच हाक मारू नका. अकरापर्यंत पोचू द्या.