लंबक थांबेना

नव्या वर्गाला भौतिकशास्त्राच्या शाखांची तोंडओळख करून देणं म्हणजे बाईंचा आवडता तास. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत छताला टांगलेला लोखंडी लंबक, ही यामिकी. दिव्यावर तापून फुगणारी पट्टी, ही उष्णता. मग ध्वनीसाठी नादकाटा, विजेसाठी घंटी नि चुंबक. "अणूच्या पोटात पुढच्या वर्षी शिरू. आत्ताच नको, डोकी फिरतील," त्या म्हणाल्या. वर्ग खदखदून हसला.

शेजारच्या जागेत तळघरासाठी खोल खड्डा खणला होता. आज तिथली यंत्रं बंद, सगळं चिडीचूप. तरी लंबक थांबेना. बाईंनी तो हाताने थांबवला.

"बाई, परत हलला," मागून एक मुलगी म्हणाली.

"वारा असेल."

"खिडक्या बंद आहेत, बाई."

बाईंनी लंबकाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग त्या पुढच्या शाखेकडे, प्रकाशाकडे वळल्या. खड्ड्याकडच्या भिंतीवर आरसा होता. टेबलावर टॉर्च ठेवून त्यांनी त्याचा झोत आरशावर सोडला आणि समोर पडलेल्या कवडशाभोवती खडूने गोल काढला. टॉर्चला कुणी हात लावला नाही. बघता बघता कवडसा गोलाबाहेर सरकला. म्हणजे आरसा कलत होता. आरसा कसला, भिंतच.

मुख्याध्यापिका त्यांची सख्खी थोरली बहीण. बाई धावत तिच्या खोलीत गेल्या.

"ताई, शाळा रिकामी कर. भिंत सरकतेय."

"तुझं आपलं काहीतरीच! परवाच इंजिनिअर बघून गेलाय."

बाईंनी वाद घातला नाही. बाहेर येऊन आगीची घंटा दाबली.

मुलं मैदानात जमली. इमारत जशीच्या तशी उभी. बराच वेळ काहीच घडेना, तशी मुलं फिदीफिदी हसू लागली. ताई संतापाने लाल झाली होती.

"सगळ्यांसमोर हसं केलंस माझं! थांब, मीच वर जाऊन दाखवते."

"ताई, नको गं!"

ताईने ऐकलं नाही. वर प्रयोगशाळेचं दार तिने ढकललं, खांदा लावला. चौकट तिरकी होऊन दार घट्ट अडकलं होतं. आतून काच तडकल्याचा आवाज आला. ती चपला तिथेच टाकून जिन्याने पळत सुटली.

ती मैदानात पोचते न पोचते तोच ती भिंत खड्ड्यात कोसळली. धुळीत काही दिसेना. ताईने धाकटीचं मनगट गच्च धरलं.

"मुलं?"

"सगळी बाहेर आहेत."

धूळ खाली बसली, तेव्हा उरलेल्या इमारतीवर एक भेग हळूहळू वर चढताना दिसली. ताईने मुलांना आणखी मागे हटवायला सुरुवात केली.