राखीव वेळ

डॉक्टर मारेन टॉलेफसनला मुलं तपासायला फार आवडायचं, आणि तिनं ती फार तपासू नयेत म्हणून तिला सरकारी अनुदान मिळालं होतं. हे वाचून कुणी हसेल, पण मिलवॉकीच्या त्या बालरुग्णालयात याला कुणी हसत नसे. बालरोगतज्ज्ञांमधून शास्त्रज्ञ घडवायचे, अशी त्या अनुदानामागची कल्पना होती आणि कल्पना खरोखर चांगली होती. दिवसभर तापसर्दीची रांग उपसणाऱ्या माणसाला प्रश्न पडायचे बंद होतात. म्हणून निवडक तरुण डॉक्टरांना सांगायचं की बाबांनो, रुपयातले बारा आणे वेळ प्रयोगशाळेत घाला आणि उरलेल्या चार आण्यांत काय ते पेशंट बघा. त्या बारा आण्यांचं नाव होतं 'राखीव वेळ'. हा शब्द तिथली मंडळी एखाद्या देवस्थानाचं नाव घ्यावं तशी घेत.

मारेनला प्रश्न पडला होता आणि तो साधा होता. अपुऱ्या दिवसांची बाळं काचपेटीतून निघतात, घरी जातात, बाळसं धरतात, आणि चार-पाच महिन्यांची झाली की त्यातली काही बाटली दिसताच तोंड फिरवतात. पाठीची कमान करून रडतात. वजन वाढायचं थांबतं आणि शेवटी पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागते. अशा कितीतरी बाळांच्या आयांना मारेननं स्वतः ही बातमी सांगितली होती. ती सांगून सांगून तिला तिचा इतका वीट आला, की या बाळांना होतं तरी काय हे शोधायचंच, असं ठरवून तिनं अनुदानासाठी अर्ज केला.

आता तिच्याकडे काचेची भिंत असलेली प्रयोगशाळा होती आणि चोखण्याचा जोर मोजणारं यंत्र बसवलेली बाटली होती. आया येत, बाळाला मांडीवर घेत, आणि तंत्रज्ञ त्यांना बजावून सांगे, "बाटली अजिबात हलवायची नाही हं, यंत्र बिघडतं." आया बिचाऱ्या फोटो काढून घ्यायला बसल्यासारख्या ताठ बसत. आणि इथेच गाडं अडलं होतं, कारण घरी तोंड न लावणारी ती बाळं प्रयोगशाळेत घटाघटा दूध पीत. दोन वर्षं मारेन सुंदर, निकोप आलेख गोळा करत होती. आलेखांकडे बघितलं तर जगात कुठल्याच बाळाला काही झालेलं नव्हतं.

तिला मार्गदर्शक मात्र भरपूर होते. एक विज्ञानाचा, एक कारकिर्दीचा, एक लेखनाचा, एक मनःस्वास्थ्याचा, आणि या चौघांकडून मार्गदर्शन कसं घ्यावं ते शिकवणारा पाचवा. या अनुदानाच्या कार्यक्रमाच्या समन्वयक होत्या लॉरेल पिंटर. बाई मनानं अतिशय चांगली, आणि मारेनच्या राखीव वेळेवर तिचा डोळ्यांत तेल घालून पहारा असे.

"मारेन, मंगळवारी सकाळी तुझा राखीव वेळ नुसता मोकळा पडलाय गं!" लॉरेल दारात उभी राहून म्हणे.

"मोकळा नाही, लॉरेल. मी आलेख बघत बसणार आहे."

"अगं, मग मी तिथं 'वेळेचं नियोजन' घातलंय. फक्त दोन तास. आणि हे बघ, कुणी पेशंट बघायला बोलावलं तर सरळ माझं नाव सांग. तुझ्या वेळेला कुणी हात तर लावू दे, मग मी आहे आणि तो आहे."

कार्यक्रमाचे प्रमुख डॉक्टर वेलबॉर्न. त्यांना सगळ्यांनी 'थॅड' म्हणायचं अशी त्यांचीच सक्ती होती, त्यामुळे लोक घाबरत घाबरत त्यांना थॅड म्हणत. पूर्वी ते उत्तम डॉक्टर होते असं जुने लोक सांगत. आता ते अनुदानाच्या नूतनीकरणाचं बघत.

जानेवारीत फ्लूची साथ आली. शहरालगतच्या सरोवरावरचा वारा हाडं फोडत होता आणि बाह्यरुग्ण विभागात पोरांच्या खोकल्यानं छत उडायची वेळ आली होती. तिथल्या अर्विन कास्परचा मारेनला फोन आला. दोघं एकत्र शिकलेले.

"अगं, माझे दोन डॉक्टर तापानं आडवे झालेत. येतेस का जरा?"

"अर्विन, माझा राखीव वेळ चाललाय."

"काय करतेयस?"

"चिकाटी कशी वाढवावी, यावरचं व्याख्यान ऐकतेय."

"मग ये की इकडं. इथं ती नुसती ऐकून भागत नाही, वापरावी लागते."

ती गेली. पोटदुखीचं कारण सांगून व्याख्यानातून सटकली आणि अर्ध्या तासासाठी म्हणून गेलेली बाई संध्याकाळी बाहेर पडली. दिवसाच्या शेवटी तिच्यासमोर जोलीन बसली होती. जोलीन दक्षिण भागातल्या एका कस्टर्डच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, आणि गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तिच्या तोंडाला विसावा म्हणून उरला नव्हता. मांडीवर ओटिस, पाच महिन्यांचा, डोळे मोठे आणि मांड्या काटकुळ्या. दोनच आठवड्यांपूर्वी काचेच्या भिंतीमागे यानंच अख्खी बाटली संपवल्याचं मारेनला आठवत होतं.

"आमचा घरमालक म्हणतो, हीटर चालू आहे. मी म्हटलं, मग तूच ये ना झोपायला इथं! नाही, तसं नव्हे हो डॉक्टर, आमचे हे असतात घरी. पी रे राजा, पी. सर्जन म्हणाले ईस्टरपर्यंत वजन वाढलं तर ठीक, नाहीतर नळी. एवढ्याशा पोटाला भोक पाडायचं म्हणतात! पी ना सोन्या."

आणि बोलता बोलता, प्रत्येक 'पी'ला, तिनं बाटली बाळाच्या तोंडात दोनदा हळूच हिंदकळवली. ओटिसनं मान फिरवली.

मारेन खुर्चीत पुढे सरकली. "जोलीन, हे बाटली हलवायचं तुला कुणी शिकवलं?"

"इथंच की! तुमच्याच नर्सनी. पेटीत होता तेव्हा चोखायचं विसरून जायचा, तेव्हा त्या म्हणायच्या, जरा हलव म्हणजे आठवेल त्याला." जोलीन एकदम थांबली. "का? चुकलं का माझं काही?"

"तुझं नाही चुकलं," मारेन म्हणाली.

त्या रात्री तिला आनंदानं झोप आली नाही आणि शरमेनंही. चिमुकल्या, झोपाळू बाळाला जागं करायची एक युक्ती, ती हॉस्पिटलनंच शिकवायची. आया ती मायेनं घरी न्यायच्या आणि बाळ थोराड झालं तरी चालू ठेवायच्या. तोंडात कुणी सारखं ढोसत राहिलं तर पोर तोंड फिरवणार नाही तर काय करणार? आणि हे जिथं सापडायला हवं होतं त्या प्रयोगशाळेत तिनं आधीच बजावून ठेवलं होतं, बाटली हलवायची नाही. रोगाचं कारण तिनं स्वतःच्या हातांनी दाराबाहेर काढलं होतं आणि आत बसून दोन वर्षं रोग शोधला होता.

मग ती दर गुरुवारी कास्परकडे चोरून जाऊ लागली. लॉरेलला सांगे, लेखन करते आहे, आणि लॉरेल बिचारी तिच्या दारावर 'कृपया त्रास देऊ नये' अशी पाटी लावे. मारेन एका कोपऱ्यात बसायची, आयांना बोलू द्यायची आणि बघायची. हलवणं थांबवल्यावर बरीच बाळं हळूहळू प्यायला लागली. एकीच्या पोरीनं तर आठवड्यात अशी गालफडं भरली की कास्परनं तिला उचलून सगळ्या विभागातून मिरवली.

ओटिस मात्र सुधारला नाही. थोडं प्यायचा आणि तोंड फिरवायचा. त्याच्यात आणखी काहीतरी होतं आणि मारेनला ते अंधुक दिसायला लागलं होतं. जोलीन बडबडत असली की तो पीत राही. मध्येच ती क्षणभर गप्प होई, आणि त्याच सुमाराला तो मान वळवी. पण आधी आई गप्प होते की आधी बाळ वळतं, हे काही तिला पकडता येत नव्हतं. आणखी दोन-चार गुरुवार मिळाले असते तर ते कळलं असतं. ईस्टर तोंडावर आला होता.

नेमकी तेव्हाच अनुदानाची पाहणी समिती आली. मारेनचा शोध म्हणजे कार्यक्रमाच्या शिरपेचातला तुरा, त्यामुळे तिचं भाषण पहिलं. आदल्या दिवशी वेलबॉर्ननी तिला बोलावून घेतलं.

"फार छान काम आहे, मारेन. फक्त कुणी विचारलं, की ही कल्पना सुचली कुठं, तर म्हणायचं, आलेखांतून."

"आलेखांत काहीच नव्हतं, थॅड."

"मला माहीत आहे गं." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "तू गुरुवारी कुठं असतेस तेही माहीत आहे. म्हणून तर सांगतोय. राखीव वेळ भलतीकडं वापरला असं निघालं तर तुझं अनुदान जाईल, आणि मागोमाग आमचंही."

समितीच्या अध्यक्षा होत्या डॉक्टर क्विग्ली, सत्तरीच्या, लोकरी जाकिटातल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी नेमकं तेच विचारलं. मारेननं वेलबॉर्नकडे बघितलं. ते पाण्याच्या ग्लासात काहीतरी शोधत होते. खोटं बोलायचं तिनं ठरवूनही ठेवलं होतं. पण आलेखांतून म्हटलं, तर उद्यापासून आलेखांतच बसावं लागेल आणि ओटिस कोपऱ्यातल्या त्या खुर्चीवरून पुन्हा दिसणार नाही, एवढं तिला स्वच्छ कळत होतं.

"राखीव वेळेत दांडी मारून बाह्यरुग्ण विभागात गेले होते," ती म्हणाली. "तिथं सुचली. मी अजूनही जाते. मला ते हवं आहे."

लॉरेलच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच बाहेर पडलं. क्विग्लीबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि मग खो खो हसल्या. "शाब्बास! म्हणजे मुलांच्या डॉक्टरला मुलं बघितल्यावर सुचलं तर! थॅड, हे तुमच्या कार्यक्रमात का नाही? हे तर असलंच पाहिजे."

मारेनच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात खरं बोलल्याचं इतकं रोख बक्षीस तिला कधी मिळालं नव्हतं. अनुदान वाढवून मिळालं, तिचा गुरुवार तिला मिळाला. लॉरेलनं तिला कडकडून मिठी मारली आणि म्हणाली, "आता बघच तू, तुझा गुरुवार मी कशी सांभाळते!"

पुढच्या गुरुवारी मारेन पोचली तेव्हा तिची कोपऱ्यातली खुर्ची हलवलेली होती, कारण तिथं जागा लागणार होती. 'राखीव निरीक्षण वेळ' असा फलक दारावर होता. पाचही मार्गदर्शक आले होते. शिवाय कार्यक्रमातले बाकीचे तरुण डॉक्टर नोंदी घ्यायला हातात टॅब्लेट घेऊन भिंतीला टेकले होते, आणि निरीक्षण कसं करावं याचं मूल्यमापन करणाऱ्या एक बाई शहराबाहेरून मुद्दाम आल्या होत्या. कास्पर स्वतःच्याच खोलीत दाराला चिकटून उभा होता.

मधोमध जोलीन बसली होती. केस विंचरलेले, अंगात ठेवणीतला ब्लाउज. मारेननं तिच्या शेजारी गुडघ्यावर बसत विचारलं, "घरमालक काय म्हणतो?"

"बरा आहे," जोलीन म्हणाली.

"आणि दुकानात?"

"ठीक आहे, डॉक्टर."

एवढंच. ज्या बाईचं तोंड मिलवॉकीत कुणाला बंद करता आलं नव्हतं, ती काचेच्या भिंतीमागे बसायची तशीच ओठ मिटून, पाठ ताठ करून, बाटली इंचभरही न हलवता बसली. ओटिसनं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकदा सगळ्यांना बघून घेतलं आणि बाटली तोंडात धरून शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकली.

टाळ्या पडल्या. वेलबॉर्ननी मारेनचा हात हातात घेतला. "जिंकलीस! सर्जनना आजच कळवतो, इथं आमच्या सगळ्यांसमोर प्यायलाय. आता याला दर आठवड्याला कशाला बोलवायचं? त्याची जागा दुसऱ्या बाळाला देऊ."

"थॅड, सगळ्यांना जरा बाहेर जायला सांगता का? मला हिच्याशी एकटीनं बोलायचंय."

"असं कसं चालेल गं," लॉरेल हळूच म्हणाली, "मूल्यमापन चाललंय. तुझाच तर वेळ आहे हा."

टाळ्या ओसरल्यावर जोलीननं ओटिसचं तोंड पुसलं, त्याला शालीत गुंडाळलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "घरी नाही हो पीत. देवाशपथ नाही पीत."

मूल्यमापनवाल्या बाईंनी तिच्याकडे बघून समजूतदारपणे हसत मान डोलावली, आणि लॉरेलनं दार उघडून पुढच्या बाळाला आत घेतलं.