दाराखालचा अंगठा

बँकेने आत्याचं खातं प्रीमियम केलं, तेव्हा आम्हाला आधी आनंदच झाला. मेसेज आला होता : ‘आपल्या निष्ठेची दखल घेऊन आपलं खातं प्रीमियम करण्यात आलं आहे. अभिनंदन!’ माझी आत्या किल्लीवाली आहे. एका जिन्याखाली तिची टपरी आहे आणि मी तिच्या हाताखाली काम करते. आजवर तिला कुणी प्रीमियम म्हटलं नव्हतं. तिने तो मेसेज शेजारच्या झेरॉक्सवाल्याला दोनदा वाचून दाखवला.

प्रीमियम खात्यात किमान पंचवीस हजार ठेवावे लागतात, हे आम्हाला दंड लागल्यावर कळलं. आत्याचे होते अठरा. दंडाने ते कमी झाले, कमी झाले म्हणून पुन्हा दंड लागला, आणि दंड लागल्याचं कळवणाऱ्या मेसेजचेही पैसे कापले गेले. म्हणजे खिसेकापूने खिसा कापायचा, मग घरी येऊन ‘तुमचा खिसा कापलाय हो’ असं सांगायचं आणि वर जाण्यायेण्याचं भाडं मागायचं.

ते अठरा हजार मशीनसाठी होते. आत्या किल्ल्या हाताने, कानशीने घासते. त्यात तिचं मनगट कामातून गेलंय. चहाचा कप उचलायलाही तिला हल्ली दुसऱ्या हाताचा आधार लागतो. एक किल्लीवाला धंदा बंद करून मुलाकडे चालला होता आणि किल्ल्या कापायचं त्याचं मशीन अठरा हजारांत द्यायला तयार होता. मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंतच. नंतर ते भंगारात.

म्हणून सकाळीच आम्ही बँकेत गेलो. कामावरून सरळ आल्यामुळे अवजारांची पेटी बरोबरच होती. दारावरच्या गार्डने ती उघडून पाहिली आणि म्हणाला, “बाई, एवढ्या अवजारांत तर बँक फुटेल.”

“फोडायची असती तर रात्री आले असते,” आत्या म्हणाली. “आत्ता माझेच पैसे मागायला आलेय.”

टोकन घेऊन आम्ही बसलो. नंबर आल्यावर काउंटरवरच्या मुलीने खातं पाहिलं आणि चेहरा पाडला.

“मावशी, दंड परत करणं साहेबांच्या हातात आहे.”

“मग साहेबांना भेटते.”

“साहेब भेटत नाहीत.”

“का?”

“साहेब आहेत ना, म्हणून.”

साहेब दिसत मात्र होते. त्यांची केबिन काचेची होती. मागच्या महिन्यात एक निवृत्त मास्तर आत घुसले होते आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठले नव्हते. तेव्हापासून साहेबांनी दाराला आपोआप लागणारं लॉक बसवून घेतलं होतं. मेहुण्याकडून. आत्याने ते लांबूनच पाहिलं आणि खेळणं दिसल्यासारखी हसली.

तेवढ्यात साहेब पाणी प्यायला बाहेर आले. आत्या आडवी गेली.

“साहेब, मला प्रीमियम नकोय. साधं करा आणि माझे कापलेले पैसे द्या.”

“अहो, लोक प्रीमियमसाठी मरतात.”

“मी पण मरतेच आहे. हळूहळू.”

“हे बघा, नियम म्हणजे नियम. वाद घालायचा तर हेल्पलाइनला फोन करा.” आणि साहेब आत गेले. त्यांनी आत्याच्या तोंडावर दार असं आपटलं, की कॅलेंडर खाली पडलं. पाठोपाठ खण्‌ असा आवाज आला. आतलं हॅण्डल साहेबांच्या हातात आलं होतं.

साहेबांनी आधी हॅण्डलकडे पाहिलं, मग दाराकडे, मग आमच्याकडे. त्यांनी दाराखालच्या फटीतून किल्ली बाहेर सरकवली. काउंटरवालीने ती लावून फिरवली. किल्ली गोल गोल फिरत राहिली, पंख्यासारखी. लॉकची आतली सगळी आतडी तुटली होती.

काच जाड होती. साहेब ओरडत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. मग त्यांनी शाखेच्याच नंबरवर फोन लावला. काउंटरवरचा फोन एकदाही वाजला नाही, कारण तो नंबर हेल्पलाइनला जोडलेला होता. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे साहेब पहिल्यांदाच ऐकत होते. संगीत सुरू झाल्यावर त्यांचा चेहरा कसा बदलत जातो, ते अख्खी रांग पाहत होती. लोकांनी खुर्च्या तिकडे वळवल्या.

शेवटी साहेब जमिनीवर आडवे झाले आणि फटीला तोंड लावून म्हणाले, “काच फोडा!”

“फोडता येत नाही, सर,” काउंटरवाली वाकून म्हणाली. “काच बँकेची मालमत्ता आहे. मुख्य कार्यालयाची परवानगी लागते. अर्ज करू?”

“मग कुलूपवाल्याला बोलवा!”

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली होती. पेटी मांडीवर होती.

“बाई, उघडा ना,” गार्ड म्हणाला.

“उघडते की. पण मी आत्ता ग्राहक आहे. ग्राहकाचं काम संपलं, की किल्लीवाली होईन. एका माणसाने एका वेळी दोन कामं करायची नसतात. घोटाळे होतात.”

“हे ब्लॅकमेल आहे!” फटीतून आवाज आला.

आत्या उठून दाराशी गेली आणि खाली बसली. “साहेब, लॉक मी बसवलं नाही. दार मी आपटलं नाही. तुम्हाला दुसरा किल्लीवाला बोलवायचा असेल तर खुशाल बोलवा. नंबर हवा तर मी देते. तो आज गावाला गेलाय, पण माणूस चांगला आहे.”

मग आवाज आला, “किती कापलेत?”

रांगेत खळबळ उडाली. काउंटरवालीने पटकन खातं उघडलं, परतीचा आदेश भरला आणि थांबली. “सर, तुमचा अंगठा लागेल.”

अंगठ्याचं मशीन काउंटरवर होतं. अंगठा केबिनमध्ये होता. अंगठा बाहेर आल्याशिवाय पैसे परत होणार नव्हते, आणि पैसे परत झाल्याशिवाय आत्याच्यातली किल्लीवाली जागी होणार नव्हती. आता काय करावं, हे कोणाला सुचेना. मी काउंटरमागची वायर पाहिली. गुंडाळी सोडवली तर ती बरीच लांब होती.

आम्ही मशीन दारापाशी आणून ठेवलं. फटीतून आधी एक नख आलं, मग अंगठा. गोरा, गुबगुबीत, सरकारी कागदावर उमटायला जन्मलेला अंगठा. मशीनवर हिरवा दिवा लागला. आत्याचा मोबाइल वाजला. पैसे जमा झाले होते.

“झालं ना? उघडा आता!”

तेवढ्यात ते निवृत्त मास्तर पुढे आले. मघापासून ते कोपऱ्यातच बसले होते. त्यांनी गुडघ्याला हात लावत, हळूहळू, दारापुढे बैठक मारली. “साहेब, अंगठा आत घेऊ नका. माझ्या पासबुकात जागा संपली म्हणून मला दंड लावला होता, आठवतंय? पासबुक तुम्हीच छापता.”

मास्तरांच्या मागे रांग लागली. गार्डने सवयीने सगळ्यांना टोकनं वाटली. एका नर्सबाईंना बंद कार्डाचं वार्षिक शुल्क लागलं होतं, एकाला शुल्काची चौकशी केल्याचं शुल्क. काउंटरवाली एकेक खातं उघडून मोठ्याने वाचत होती आणि वाचता वाचता तिलाच राग येत होता. “सर, हे तर आपण दोनदा कापलंय! अंगठा!” अंगठा निमूट उठायचा आणि टेकायचा. पाचव्या माणसानंतर साहेब हात बदलू का विचारत होते. मशीन फक्त उजवा घेत होतं.

रांग संपल्यावर आत्याने पेटी उघडली. एक बारीक पाना, एक वाकडी तार. मनगटाला एकदा झटका बसला, तिने दात आवळले, हात बदलला. दार उघडलं.

साहेब उठले. एका गालावर गालिच्याची नक्षी उमटली होती. “मी तक्रार करणार आहे,” ते म्हणाले.

“करा ना. हेल्पलाइनला करा.” आत्याने हात पुढे केला. “लॉक उघडल्याचे दोनशे. काम केलंय त्याचेच. बाकी काही लावलेलं नाही.”

साहेबांनी दिले. काय करणार, सगळे बघत होते.

मग आत्या काउंटरशी गेली. “आता सगळे रोख दे. आणि खातं बंद कर.”

मुलीने हळूच मागे पाहिलं. “मावशी, खातं बंद करायचंही शुल्क आहे.”

मुलगी क्षणभर पडद्याकडे बघत राहिली. मग तिने त्या रकान्यात शून्य टाकलं. मागून साहेब ओरडले, “असं चालणार नाही!” तिने वळूनही पाहिलं नाही.

“बंद करायचं कारण सांगावं लागतं, मावशी. स्थलांतर, मृत्यू की इतर?”

“इतर.”

“इतर म्हणजे काय टाकू?”

आत्याने नोटा पेटीत कानशीच्या खाली ठेवल्या आणि पेटीला कुलूप लावलं.

“टाक, ग्राहक शुद्धीवर आली.”