बोटभर फट

मी दरवाजा बोलतोय, मागच्या खोलीचा. रोज नुसता कुरकुरतो. आज म्हटलं, जरा तोंड उघडावं.

माझा जन्म एका कारखान्यातला. आत दाबलेला भुसा, वरून सागवानासारखा दिसणारा कागद, असा माझा एकूण ऐवज. तरी गुळगुळीत अंगाचा मला भारी तोरा होता. आपण दिवाणखान्यात मिरवणार, असं मी धरून चाललो होतो. नशिबी आली आत्याची खोली.

आत्या म्हणजे मालकांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आईवडिलांची आजारपणं काढली, आणि ते गेल्यावर भावाच्या घरात ती या खोलीपुरती उरली. तिथल्या जुन्या दाराला वाळवी लागली, म्हणून मला मागवलं. चौकट जुनीच ठेवायची होती.

ही हकिगत मला त्या चौकटीनेच सांगितली. जुनं दार फुगून अडायचं, मग वडील त्याला रंधा मारायचे. एकदा रंधा जरा जास्तच चालला आणि आतली कडी चौकटीपर्यंत पोहोचेना. तेव्हा लेकीसाठी त्यांनी दाराच्या कडेला एक पट्टी ठोकली. ओबडधोबड होती, पण कडी बसायची. मालक माप घ्यायला आले तेव्हा त्यांना ते ठिगळ वाटलं. त्यांनी पट्टी उपटून फेकली, उरलेल्या दाराचं माप घेतलं आणि कारखान्यात कळवलं. चौकट मोजायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

सुताराने बिजागऱ्या बसवल्या, मला लोटलं आणि हसला. "माप चुकलं की हो. बोटभर फट राहतेय. आतली कडी काही पोहोचायची नाही."

"मग पट्टी मारा ना," आत्या म्हणाली. "बाबांनी मारली होती तशी."

बहिणीने परक्यादेखत चूक दाखवली, हे मालकांना झोंबलं. "नव्याकोऱ्या दाराला ठिगळ लावायचं? काही नको. आणि ताई, तुला कडी हवी कशाला? तुला बघायला येतंय कोण?"

मालकीणबाई तोंड फिरवून हसल्या. सुतार हसला. खरं सांगतो, मीही हसलो. घरात वट कोणाची आहे, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"वाऱ्याने आपटेल मात्र," सुतार म्हणाला. "बाहेरून साखळी लावून देतो. साखळी पोहोचते."

तेव्हापासून कपडे बदलताना आत्या मला खुर्ची टेकवते आणि कोपऱ्यात अंग चोरून उभी राहते. मुलं जाता-येता फटीला डोळा लावतात आणि 'आत्या रडतेय' अशी बातमी स्वयंपाकघरात पोहोचवतात. साखळी आधी वाऱ्यासाठी होती. पुढे पाहुणे आले की लागू लागली, कारण आत्या चारचौघांत काहीबाही बोलते, असं मालकीणबाईंचं म्हणणं.

एकदा मालकांचे साहेब सहकुटुंब आले होते. दारावर टकटक करतात ती आत येण्यासाठी, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी ती आतून झाली, अगदी हळू. फटीला तोंड लावून आत्या म्हणाली, "अगं, जरा उघडतेस? बाथरूमला जायचंय."

बाहेर साहेबांनी विचारलं, "कसला आवाज येतोय?"

"नवा दरवाजा आहे," मालक म्हणाले. "वाऱ्याने वाजतो."

माझ्या नावावर त्यांनी ते खपवलं, आणि मला बोलता येत नव्हतं. आत्याने आणखी काही वेळ वाट पाहिली. मग माझी खालची कड ओली झाली. पाहुणे गेल्यावर मालकीणबाईंनी साखळी काढून पोतेरं आत टाकलं. "पुसून घ्या," म्हणाल्या. "वास येतोय."

ती कड आता फुगली आहे. फुगून फट बुजेल अशी मला आशा होती. पण भुशाचं अंग ते, कागद सुटून नुसतं गळतंय. जुनं दार गच्चीवर पाण्याच्या टाकीवर आडवं पडलंय. त्याची कडी अजून शाबूत आहे.

तुमच्यापैकी कोणाकडे बोटभर रुंदीची पट्टी आणि चार खिळे असतील, तर घेऊन या. वेडीवाकडी चालेल, मला आता कसला तोरा नाही. पण लवकर या. हल्ली साखळी काढलेली असली, तरी बाहेर येण्याआधी आत्या आतून टकटक करते, आणि कोणी 'ये' म्हणेपर्यंत माझ्यामागे उभी राहते.