बदक थांबतं तेव्हा

स्टुडिओत तिला सगळे पावलंबाई म्हणत. पडद्यावर जो कुणी चालेल, धावेल, घसरेल, त्याच्या पावलांचा आवाज काढणं हा तिचा पेशा. कॉर्नफ्लोअरने भरलेली कापडी पिशवी दाबली की बर्फात पाऊल रुततं आणि ओला रबरी हातमोजा फरशीवर आपटला की बदक चालतं, हे चोवीस वर्षांत तिच्या हाडीमासी मुरलं होतं. त्यामुळे मुलांच्या एका गाजलेल्या पुस्तकावरून कार्टून सिनेमा करायचं ठरलं, तेव्हा ते काम आपसूक तिच्याकडे आलं. गोष्ट साधी होती. हिवाळ्याच्या सुट्टीत सगळी बदकं उडून घरी जातात आणि पंख दुखावलेलं एक बदक गोठलेलं तळं तुडवत पायीच निघतं.

"तीन महिने मी त्या बदकाबरोबर चालले आहे," पावलंबाई सांगायची. "खोटं वाटत असेल तर माझ्या गुडघ्यांना विचारा."

सिनेमा लागला तेव्हा ती थोरल्या बहिणीला घेऊन गेली. ताई जन्मापासून आंधळी. इस्पितळाच्या टेलिफोनवर तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायची आणि ओळखल्यावर दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडायची नाही. अंधारात ती धाकटीच्या कानाशी लागली. "डावं पाऊल जड टाकतंय. डावाच पंख दुखावलाय ना?" पावलंबाईची छाती दोन इंच फुगली.

मग तळ्याच्या मधोमध बदक थांबलं. पुढची चार मिनिटं ना संगीत, ना बोलणं, ना पावलं. आधी सगळं थिएटर खदखदून हसलं, मग एकदम चिडीचूप झालं, आणि शेवटी कुणीतरी नाक ओढलं.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"अगं, त्याला खाली बर्फात..."

"शूऽऽ!" मागून एक माणूस खेकसला.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "सिनेमा छान आहे. फक्त ती चार मिनिटं मला कुणीतरी दाराबाहेर उभं केलं होतं."

ते वाक्य पावलंबाईच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी ती दिग्दर्शिकेपुढे जाऊन उभी राहिली. पोरगी तिशीची, मनाने चांगली. सिनेमाची डिस्क निघेल तेव्हा तिच्यात वर्णनाचा वेगळा आवाज घालू, बटण दाबलं की पडद्यावर काय चाललंय ते ऐकू येईल, असा शब्द तिने दिला. आवाज पावलंबाईचाच ठरला. तपासायला बसली ताई.

तीन दिवस दोघी बहिणी रेकॉर्डिंगच्या खोलीत भांडल्या.

"'सुंदर सूर्यास्त' म्हणू नकोस," ताई म्हणायची. "सुंदर म्हणजे काय ते मला कळत नाही. ऊन उतरलं, गार झालं, असं सांग."

"बरं. 'बदक दुःखी आहे'..."

"ते मला ऐकू येतंय. ते काय करतंय एवढं सांग. माझ्या वाटचं रडू माझं मी बघून घेईन."

चौथ्या दिवशी काम पुरं झालं. ताईने पहिल्यांदा अख्खा सिनेमा पाहिला. हो, 'पाहिला' हा शब्द तिचाच.

पुढच्या महिन्यात डिस्कची नमुना प्रत आली. ती ऐकून आवाज-विभागातर्फे पावलंबाईने सही करायची, मग माल कारखान्यात जायचा. तिने डिस्कवरची यादी उघडली. सिनेमा होता, चित्रं रंगवायचा खेळ होता, गाण्याबरोबर गायचा खेळ होता. वर्णन कुठेच नव्हतं. ती तडक सिनेमा कंपनीच्या व्यवस्थापकाच्या खोलीत गेली.

"जागा पुरली नाही हो," तो म्हणाला. त्याच्या टेबलावर चकचकीत वेष्टनांचा ढीग पडला होता. "खेळ जास्त खपतात. आणि ते वर्णन असं ऐकणार तरी किती जण?"

"माझी बहीण ऐकणार."

"म्हणजे एक."

"तुम्हाला एकच दिसते, कारण बाकीच्यांना तुम्ही विचारलंच नाही."

त्याने कागद पुढे सरकवला. "मावशी, उगाच ताणू नका. सही करा."

"मावशी म्हणायचं असेल तर मावशीचं ऐकायचंही असतं," पावलंबाई म्हणाली. "वर्णन घाला, लगेच सही करते. नाही तर हा कागद असाच कोरा राहील."

कागद कोरा राहिला नाही. दुपारपर्यंत दुसऱ्या कुणाची तरी सही झाली. दिग्दर्शिकेने मान खाली घालून हात वर केले. "माझ्याही हातात काही नाही हो," ती म्हणाली, आणि ते खरंही असावं. घरी ताईला हे सांगताना पावलंबाईची जीभ अडखळली. ताईने चहाचा कप खाली ठेवला.

"तोंडाला पानं पुसली म्हणायची," ती म्हणाली. "मग? बसणार आहेस गप्प?"

डिस्क बाजारात यायच्या दिवशी शहरातल्या मोठ्या दुकानात मुलांसाठी कार्यक्रम होता. पावलंबाईला बोलावणं आधीच गेलं होतं आणि ते मागे घ्यायचं कुणाला सुचलं नाही. तिने आवाज कसे काढतात ते दाखवायचं, मग सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा. चाळीसेक मुलं सतरंजीवर बसली होती. ताई त्यांच्या मागे, खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत, काठी मांडीवर आडवी घेऊन. पावलंबाईने पिशवी दाबली, हातमोजा आपटला. मुलं हसून हसून लोळली. सिनेमा सुरू झाला तरी माईक तिने हातातच ठेवला.

बदक थांबलं. तसा तिने माईक तोंडाशी नेला.

"बदकाला खाली बर्फात दुसरं बदक दिसतंय. ते त्याचं स्वतःचंच प्रतिबिंब आहे, पण त्याला ते ठाऊक नाही. ते मान डोलावतं. खालचंही डोलावतं."

व्यवस्थापक बाजूला उभा होता. त्याने आधी डोळे वटारले, मग आवाजाच्या माणसाला खूण केली. माईक बंद पडला. पावलंबाईने तो शांतपणे टेबलावर ठेवला आणि आवाज चढवला. थिएटरच्या मागच्या रांगेलाही ऐकू गेला असता असा.

"त्याने चोचीतला पावाचा तुकडा त्याच्यापुढे धरलाय..."

"अहो, बंद करा हे!" व्यवस्थापक जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला. "मुलांना सिनेमा बघू द्या."

"एका माणसाला अजून बघायचा राहिलाय," ती म्हणाली. "आता त्याने शेपूट हलवली..."

"शेपूट नाही, पंख!" सतरंजीवरून एक चिमुरडी ओरडली. "तुम्ही चुकीचं सांगताय!"

"कुठला पंख गं?" ताईने विचारलं.

चिमुरडीने मागे वळून काठीकडे पाहिलं, ताईच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि तिला जे कळायचं ते कळलं. "चांगला पंख, आजी. दुखरा नाही. आता बर्फाला तडा गेलाय."

"तडा बदकाच्या मधूनच गेलाय!" दुसरा एक जण.

"खालच्या बदकाच्या! त्याचे दोन तुकडे झालेत!"

"आता हे त्याच्यावर झोपलंय," चिमुरडी म्हणाली. "पंख पसरून. त्याला थंडी वाजू नये म्हणून."

ताईने रुमाल काढला. चाळीस मुलांना गप्प करण्याचं बटण व्यवस्थापकाकडे नव्हतं. सिनेमा संपेपर्यंत मुलांनी ताईसाठी एक क्षणही रिकामा ठेवला नाही.

"पुढच्या कामाला तुमची गरज पडणार नाही," जाता जाता त्याने पावलंबाईला सांगितलं.

"ते मी घरून निघतानाच धरून चालले होते," ती म्हणाली.

डिस्क होती तशीच राहिली. खेळांसकट भरपूर खपलीही. चोवीस वर्षांचं काम सुटलं. पावलंबाई महिनाभर कामाशिवाय घरात फिरली, दर सकाळी सवयीने पिशवी काढायची आणि परत ठेवायची. पण हात बांधून बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने जुना मायक्रोफोन काढला, खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि अख्खं वर्णन पुन्हा बोलून काढलं. सुरुवातीलाच सूचना: 'हे इथे थांबवा आणि सिनेमा लावा. पहिलं चित्र आलं की घंटा वाजते. ती वाजली की हे पुन्हा सुरू करा.' अंधशाळेच्या वाचनालयाने ते ठेवून घेतलं. तिथून ते कुठे कुठे गेलं, याचा पत्ता दोघींनाही राहिला नाही.

कंपनीला मात्र लागला. नोटीस आली: परवानगीशिवाय आमच्या सिनेमाचा वापर थांबवा.

ताईने ती धाकटीकडून दोनदा वाचून घेतली. "यात त्यांचा सिनेमा कुठे आहे? एक चित्र नाही, एक सूर नाही. आहे तो तुझा घसा. लिही: माझ्या घशाला कुणाची परवानगी लागत नाही."

"असं लिहायचं?"

"'सादर प्रणाम' घाल वर. म्हणजे उद्धट वाटणार नाही."

पावलंबाईने शब्दन् शब्द तसाच लिहिला, पाकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आली. परत आली तर ताईच्या मांडीवर दुसऱ्याच एका सिनेमाची डिस्क होती, कुठूनशी मागवलेली. तिच्यावरचं प्लास्टिक ती नखाने फाडत होती.

"बस," ताई म्हणाली. "आणि यात जर कुठे सुंदर सूर्यास्त असेल, तर आधीच सांगून ठेवते..."